तिसरी हाक

१

चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या, एवढंच.

कमलानं त्या घाईत काढल्या होत्या. दुपारचे बारा वाजत आलेले, जोडे काढायच्या जोडाघराची फरशी तव्यासारखी तापलेली. दोन उड्यांत तिनं गुरुद्वाराची पायरी गाठली आणि चपला मागे पडल्या तशाच पडू दिल्या. एक उताणी झाली होती, तेही तिला आठवत होतं. दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा दोन्ही चपला जवळ जवळ, टाचा पायरीला लागून, पाय सरकवला की चालू लागावं अशा. वर धुळीचा कण नव्हता.

गुरुद्वारात यात नवल काही नाही. आलेल्यांचे जोडे पुसून, वळवून ठेवणं ही तिथं सेवाच. रविवारी मोठमोठे ठेकेदार ती सेवा करायला मांडी घालून बसतात. पण हा रविवार नव्हता. फाटकाची कडी कमलानंच आतून लावली होती आणि आवारात ग्रंथ वाचणाऱ्या ग्यानीजींशिवाय माणूस नव्हता. ग्यानीजी पलीकडच्या खोलीत झोपले होते. त्यांचं घोरणं तिनं दोन तास न खंडता ऐकलं होतं.

तिनं पाय सरकवला आणि लगेच मागे घेतला.

डाव्या चपलेचा अंगठा होळीपासून तुटला होता. तिथं सेफ्टी पिन लावलेली. पिनेचं तोंड ती नेहमी आतल्या बाजूला ठेवी, म्हणजे दिसत नाही. आता ते बाहेर होतं. पिन काढून, फिरवून, परत लावलेली.

असं करणारं एकच माणूस तिला माहीत होतं. "अवं बाई, टोचन ना तुले," असं म्हणत गोदामाय कुणाचीही पिन फिरवून द्यायची.

गोदामायला जाऊन दोन वर्षं झाली होती.

कमलानं बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. सकाळी आपणच पिन फिरवली असेल आणि विसरलो असू, असं तिनं स्वतःला नीट समजावलं. मग चपला हातात घेऊन, तापल्या रस्त्यावरून अनवाणी, ती पळत घरी गेली.

२

तिला तिथं बसवलं होतं बचनसिंगजींनी.

येत्या कार्तिकात गुरू नानकांच्या जन्माला पाचशे वर्षं होणार होती. देशभर तयारी चाललेली, मग बालाघाटचा गुरुद्वारा कसा मागे राहील? कमिटीनं ठरवलं की आपल्या गुरुद्वाराचा इतिहास छापायचा. बचनसिंगजी लाकडाचे ठेकेदार आणि कमिटीचे मंत्री, म्हणजे चिटणीस. त्यांचं हिंदी बोलणं दणदणीत, लिहिणं मात्र सहीपुरतं. गुरुद्वाराच्या मागच्या भिंतीला भिंत लागून टिकाराम शिवणकरांचं घर. टिकाराम जंगल खात्यात लामत्याला असत, शनिवारी घरी येत. त्यांची पोरगी परीक्षा देऊन रिकामी, अक्षर मोत्यासारखं.

"तू तो हमारी दीवार की बेटी है," बचनसिंगजी म्हणाले. "तू नहीं लिखेगी तो क्या गोंदिया से मुन्शी मँगवाऊँ?"

मग रोज दुपारी कमला डोक्यावर पदर घेऊन दरबाराच्या बाजूच्या खोलीत बसू लागली. सकाळी बचनसिंगजी सांगून जात, दुपारी ती नीट लिहून काढी. सालाच्या लाकडाच्या आणि बांबूच्या ठेक्यांमागं पंजाबातून आलेली पहिली चार घरं. डेपोतल्या एका कोठीत, पांढऱ्या चादरीखाली ठेवलेला ग्रंथसाहेब. फाळणीनंतर लायलपूरकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं, आणि त्यांच्यासाठी त्याच कोठीबाहेर पेटलेली पहिली चूल. मग टिनाचं छप्पर. मग छप्पन साली पक्की इमारत. त्याच साली गोंदिया मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट इकडं मध्य प्रदेशात राहिलं. बचनसिंगजी हसून सांगत, "मिस्त्री के रिश्तेदार उधर, ईंट इधर. सरहद ने हमारा पीछा नहीं छोड़ा."

त्या विटा डोक्यावरून वाहणाऱ्या बायांत गोदाबाई होती. काम संपलं, बाकीच्या बाया आपापल्या गावी गेल्या. ही राहिली. उद्घाटनाच्या दिवशी सगळे आत गेले तेव्हा बाहेर शे-दीडशे जोडे विखुरलेले. तिनं पदरानं एकेक पुसून रांगेत लावले. आत बोलावलं तर म्हणाली, मी इथंच बरी. तिला कुणी ठेवलं नाही, कुणी काढलं नाही. जोडाघराला लागून कोठडी होती, तिच्यात ती अकरा वर्षं राहिली.

त्या कोठडीची मागची भिंत म्हणजे कमलाच्या स्वयंपाकघराची भिंत. लहानपणी कमला नुसती "माय" म्हणून ओरडली की दोन ओ यायच्या. एक चुलीपासून, एक भिंतीपलीकडून. तिची आई दुर्गाबाई हसायची. "दोन दोन माया हायेत पोरीले, नखरे तर होतीनच."

बचनसिंगजींनी गोदाबाईचा परिच्छेद शेवटी सांगितला. सांगताना चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळे पुसले.

"लिख पुत्तर. गोदाबाई ने अंत समय में किसी को तकलीफ़ नहीं दी. किसी को आवाज़ तक नहीं दी."

कमलाचा टाक थांबला.

"लिखा?"

"हो, चाचाजी," ती म्हणाली, आणि लिहिलं.

३

दुसऱ्या दिवशी वही उघडली तर ती ओळ नव्हती.

सगळा परिच्छेद होता. विटा होत्या, जोडे होते, पदर होता. 'किसी को' एवढंही होतं. पुढची शाई पुसलेली. पाणी सांडलं असतं तर ओघळ आला असता, आजूबाजूची अक्षरं फुटली असती. इथं ओल्या फडक्यानं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, एकदाच हात फिरवावा तसा निळसर पट्टा होता. कागद अजून दमट होता. कमलानं नाक जवळ नेलं. धूळ, चामडं, भिजलेलं फडकं. जोडाघराचा वास.

ती इतकी दचकली की दवात कलंडली. ग्यानीजी बाहेरून म्हणाले, "की होया, बेटी?"

"काही नाही. दवात पडली."

"रोज कुछ न कुछ गिराती है," ग्यानीजी हसले. "तेरे लिए तो लोहे की दवात लानी पड़ेगी."

तिला हायसं वाटलं. बरोबर आहे, आपण वेंधळ्या. काल पाण्याचा पेला वहीवर ठेवला असेल. तिनं ओळ परत लिहिली, वही कपाटात ठेवली, किल्ली ग्यानीजींना दिली.

तिसऱ्या दिवशी ओळ पुन्हा पुसलेली. तोच पट्टा, तोच वास.

तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की बाकीचं सोडून हीच ओळ का, आणि त्या प्रश्नाचं उत्तर बालाघाटात तिला एकटीला ठाऊक होतं. तिनं टाक बुडवला आणि ओळ तिसऱ्यांदा लिहिली. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं.

तिसऱ्यांदा लिहिलेली ओळ कोणी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी ती होती, त्याच्या दुसऱ्या दिवशीही होती. कपाट उघडताना कमला ती पुसलेली असावी अशी आशा करी. सांगणारं दोनदा सांगून गप्प झालं होतं, आणि हे गप्प होणं तिच्या ओळखीचं होतं.

४

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. आई लामत्याला वडिलांकडे गेलेली. कमला घरात एकटी, खिडकीला ओला पडदा, बाहेर लू, तापला वारा, सुटलेली. ती स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून वाचत बसली होती, कारण ती भिंत घरातली सगळ्यात थंड. बाराची छोटी गाडी शिटी देऊन गेली. आणि पाठीमागून कोणी म्हणालं,

"कमले."

मोठ्यानं नाही. जेवायला बोलवावं तसं.

ओ तिच्या ओठांवर आली होती. तिनं ती गिळली. आईनं लहानपणापासून अंगात भिनवलेलं होतं: भर दुपारी, माणूस दिसत नसताना हाक आली तर ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेची वाट पाहायची. "माणूस असन तर तीनदा बलावन. दुसरं जे असते, त्याले दोनच हाका मारता येतेत." खैरलांजीकडे आईच्या एका चुलतभावानं म्हणे पहिल्याच हाकेला ओ दिली आणि बांधावरून चालत चालत तळ्यात गेला. कमला तर्कशास्त्र शिकत होती, या गोष्टीवर ती मैत्रिणींपाशी हसली होती. पण घरात एकटी होती आणि लू दार हलवत होती.

"कमले... ए बाई."

तिनं पुस्तकात बोट घातलं आणि तिसरीची वाट पाहिली. शंभर आकडे मोजले. तिसरी आली नाही. तेव्हा तिला काय वाटलं हे ती दोन वर्षांत विसरू शकली नव्हती. तिला सुटल्यासारखं वाटलं. आईचं खरं होतं, आपण शहाणपणानं वागलो, असं वाटलं. तिनं पान उलटलं. अनुमानाचे प्रकार. पुढं दोन तास अभ्यास चांगला झाला.

संध्याकाळी गोदामाय सापडली. कोठडीत, मागच्या भिंतीला गाल टेकवून बसलेली. माठ कोरडा. टिनाच्या छपराखालची कोठडी इतकी तापलेली की दार उघडणाऱ्याला मागे सरावं लागलं. लू लागली, सगळे म्हणाले. झोपेतच गेली. कोणाला हाकसुद्धा मारली नाही बिचारीनं.

कमला त्या घोळक्यात उभी होती. 

५

इमारत बांधणारा डोमाजी मिस्त्री अजून होता. दृष्टी गेलेली, जीभ शाबूत. पाया कधी घातला, चुना कुठून आणला, हे विचारायला कमला त्याच्या घरी गेली. डोमाजी अंगणात बाजेवर बसून बोलत होता, ती लिहून घेत होती.

"सगळं बरोबर बांधलं म्या," तो म्हणाला. "एक त्या कोठडीचं दार चुकलं. चौकट वाकली. हवा आली का दार आदळे, अन् बाहेरची कडी आपोआप पडे. गोदी मले रोज शिव्या दे. 'डोम्या, तुह्या हातचं दार मले एक दिवस कोंडन.' म्या म्हणो, तुले कोण कोंडते, तूच दुनियेले कोंडशीन." तो हसला. "मंग तिनं दारात अर्धी वीट लावून ठेवली. वीट असली का दार लागे नाही."

कमलानं लिहिणं थांबवलं. "आणि त्या दिवशी?"

डोमाजीनं बाजेची दोरी चाचपली. मग म्हणाला, "तू लिवून राह्यली का हे?"

"नाही. टाक ठेवला खाली."

"त्या दिवशी वीट दारात नव्हती. कशी सरकली देव जाणे. कडी बाहेरून पडून होती. मीच काढली. तवा दिसे मले." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ग्यानीजी मागं होते, त्याईच्या ध्यानात नाही आलं. म्या सांगतलं नाही कोनाले. सांगून काय? झोपीत गेली म्हनतेत लोक, म्हनू दे. पन बाई, झोपीत गेलेलं मानूस भिंतीले तोंड लावून काहून बसन?"

कमलानं वही मिटली.

"मले एकच वाटते," डोमाजी म्हणाला. "तिनं आवाज दिला असन. तुमचंच घर हाये ना तिकडं? कोनी नव्हतं का त्या दिवशी?"

"नाही," कमला म्हणाली. "कोणी नव्हतं."

आंधळा म्हातारा तिच्याकडे तोंड करून बसून राहिला. तिला वाटलं, यानं ऐकलं. आपण खोटं बोलताना आवाज कसा होतो ते यानं ऐकलं.

६

त्यानंतर दुपारी स्वयंपाकघरात बसणं तिनं सोडलं. पण बाराची गाडी शिटी द्यायची आणि कमला घरात कुठंही असो, तिचे कान भिंतीला लागायचे. एकदा तिला वाटलं, ऐकू आलं. पहिली. मग दुसरी, थोडी खाली गेलेली. मग लू. आई परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"माय, तुले ऐकू आलं का काही?"

"काय?"

"हाक."

दुर्गाबाईनं मान वर केली. "कितीदा?"

"दोनदा."

"मंग झालं." ती परत मळू लागली. "ओ नाही ना दिली? गुनाची माही पोर."

"आणि ते माणूसच असलं तर? तिसरी हाक मारायची ताकदच नसली त्याच्यात?"

"तुह्या कालेजात असं शिकवतेत का उलटंपालटं?" आई हसली. मग लेकीचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. "कमले, कोणं बलावलं तुले?"

कमलाच्या तोंडाशी आलं होतं. पण आईच्या हातावरच्या कणकेकडे, बांगड्यांकडे पाहता पाहता तिला कळलं की हे सांगणं म्हणजे आईलाही त्या दुपारी त्या भिंतीपाशी नेऊन बसवणं. ती म्हणाली, "कोणी नाही. वारा होता."

रात्री तिनं वेगळ्या कागदावर लिहिलं: गोदाबाई बाहेरून कडी पडल्यामुळे कोंडल्या गेल्या. त्यांनी दोनदा हाक मारली. ती भिंतीपलीकडे ऐकू गेली. ऐकणारीनं ओ दिली नाही. खाली तिनं आपलं नाव घातलं. सकाळी गुरुद्वारात जाऊन तो कागद तिनं वहीत, त्या पानाशेजारी ठेवला. दोनांपैकी एक पान द्यायचं, एवढंच काम उरलं.

थोड्याच वेळात बचनसिंगजी आले. साडेदहाच्या गाडीनं ते आणि ग्यानीजी गोंदियाला छापखान्यात जाणार होते. फाटकात जीप उभी.

"हो गया, पुत्तर?"

"चाचाजी, गोदामायचं ते पान..."

"हाँ, वो पान." ते पायरीवर बसले. "मैं उस दिन गोंदिया में था. दो साल से एक ही बात की तसल्ली है, कि सोते में गई. प्यासी नहीं मरी, किसी को पुकारती नहीं रही. नहीं तो मैं इस घर में मत्था कैसे टेकता?"

कमलाच्या हातात दोन्ही पानं होती, वहीतून सोडवलेलं आणि रात्री लिहिलेलं. तिनं त्यांच्या फेट्याकडे पाहिलं, पांढऱ्या दाढीकडे पाहिलं. यांना दुःख होईल म्हणून, असं तिनं मनात म्हटलं. ते खरं नव्हतं, आणि खरं नाही हे म्हणतानाच तिला कळत होतं.

तिनं वहीतलं, सुंदर अक्षरातलं पान दिलं.

७

जीप गेली. आवारात कोणी उरलं नाही. बारा वाजत आल्यावर कपाट लावून, किल्ली चौकटीवर ठेवून कमला बाहेर आली तेव्हा घरी जायचं सोडून तिचे पाय कोठडीकडे वळले.

तिला एकच करायचं होतं. त्या जागी उभं राहून ओ द्यायची होती. दोन वर्षं उशिरा का होईना, मोठ्यानं. मग छापखान्यात जायचं ते जावो.

कोठडीत आता जादा सतरंज्या आणि लंगरचे मोठे हंडे ठेवत. त्या सतरंज्या दरबारात अंथरायच्या, म्हणून तिनं चपला बाहेर काढल्या. अर्धी वीट भिंतीपाशी पडलेली होती. तिनं ती उचलली, दार पुरतं उघडलं आणि वीट दारात घट्ट बसवली. दोनदा पायानं दाबून पाहिली. हलत नव्हती.

आत भट्टी होती. टिनाचं छप्पर तडतडत होतं. मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या गालाच्या उंचीला, चुना काळपट झालेला. रोज कोणी तिथं टेकत असल्यासारखा. पलीकडून आईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पोळी लाटताना होतो तो ठेक्याचा आवाज. भिंत इतकी पातळ असेल असं कमलाला वाटलं नव्हतं. इकडून सगळंच ऐकू येत होतं. त्या दिवशी पान उलटलेलंही ऐकू आलं असेल.

बाराच्या गाडीची शिटी झाली. कमला श्वास धरून उभी राहिली. हाक आली की लगेच ओ द्यायची, पहिलीलाच.

हाक आली नाही.

आला तो पाठीमागून वाऱ्याचा झोत. दार आदळलं. त्यावर, सावकाश, कडी पडल्याचा आवाज.

ती वळली, दार ढकललं, खांदा लावला. चौकट वाकलेली होती, दारात आणि चौकटीत बोटभर फट. तिनं डोळा लावला. बाहेर पांढरं ऊन. पायरीपाशी तिच्या चपला जवळ जवळ ठेवलेल्या, पुसलेल्या. पण आज त्यांची तोंडं रस्त्याकडे नव्हती. कोठडीकडे होती. आणि त्यांच्या शेजारी, तिसरी चप्पल असावी तशी रांगेत लावलेली, तीही पुसून, अर्धी वीट.

वाऱ्यानं, तिनं स्वतःला सांगितलं. वाऱ्यानं वीट सरकते. पण सरकलेली वीट कोणी पुसत नाही.

ती धावत मागच्या भिंतीपाशी आली.  त्या काळपट जागेला तोंड लावून तिनं हाक मारली.

"माय."

तिला मोठ्यानं ओरडायचं होतं. आवाज निघाला तो जेवायला बोलवावं तसा.

पलीकडे बांगड्या थांबल्या.

थांबल्या, म्हणजे आईनं ऐकलं. लाटणं पोळपाटावर टेकल्याचंही कमलानं ऐकलं. आता ती उठेल, आता विचारेल, कोण, कमले, तू का? बांगड्या हलल्या नाहीत. आणि कमलाला दिसलं, भिंत असूनही दिसलं: हातावर कणीक, मान किंचित वळलेली, ओठ घट्ट मिटलेले. भर दुपार. माणूस दिसत नाही. आई मोजत होती.

तीन हाका म्हणजे काय मोठंसं, असं तिला दोन वर्षांपूर्वी वाटलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती. छपराची धग डोक्यातून खाली उतरत होती. तिनं दोन्ही तळहात भिंतीला लावले.

"माय... ए माय."

दुसरी पहिलीपेक्षा खाली गेली. पलीकडे चूल फुरफुरत होती, आणि त्यामागं तिच्या आईचा धरलेला श्वास. कमलानं तिसरीसाठी तोंड उघडलं. तोंडातून नुसती कोरडी हवा आली. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात तिच्या पावलावर काहीतरी गार लागलं. ओलं फडकं, टाचेकडून बोटांकडे, एकदाच फिरलं. धूळ, चामडं, भिजलेलं कापड. तिनं खाली पाहिलं नाही. भिंतीवरच्या त्या काळपट डागाकडे ती पाहत राहिली.

आणि तिच्या मागून, जमिनीलगतून, जोडे पुसायला बसलेलं माणूस जितक्या उंचीवरून बोलतं तितक्या उंचीवरून, तिसऱ्या हाकेची वाट न पाहता, कोणी म्हणालं,

"ओ."